पोर्तुगालच्या बसमधली बैठक व्यवस्था

२८ ऑक्टोबर, बदलापूर

जूननंतर आज. माफी मागायची तर कुणाची, वहीची की माझी स्वतःची? तरी मागते. निमित्तं पुष्कळ होती. अकरावीचे प्रवेश, गणपती, सहामाही, पेपरांचे गठ्ठे. पण खरं सांगायचं तर लिहावंसं वाटेल असं काही घडत नव्हतं, आणि जे घडत होतं ते लिहावंसं वाटत नव्हतं.

आता लिहायलाच हवं, कारण शुक्रवारी आम्ही पोर्तुगालला चाललो आहोत. मी, माझा नवरा शेखर आणि बाबा. बस, गाइड, जुनी गावं, किल्ले. हे वाक्य तीनदा वाचलं तरी आपल्याबद्दल आहे असं वाटत नाही.

कल्पना नितीनची. माझा हा धाकटा भाऊ पुण्यात बसून कल्पना काढतो आणि बदलापुरात मी त्या अमलात आणते. आई गेल्यापासून बाबा अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये एकटे. आमच्याकडे त्यांच्यासाठी खोली रंगवून तयार आहे. "आमच्याकडे कधी येताय?" असं मी दोन वर्षं विचारते आहे आणि बाबा दोन वर्षं विषय बदलत आहेत. नि.चं म्हणणं, तिकडे परक्या मुलखात त्यांना बदलायला विषयच सापडणार नाही. तिथे विचार आणि होकार घेऊनच ये.

बाबांचं म्हणणं वेगळं. "पोर्तुगीजच बघायचेत ना? मग वसईला जा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत."

माणसाला काहीतरी कबूल करून घेण्यासाठी सहलीला नेणं ही फसवणूक होते का? शे.ला विचारलं. तो म्हणाला, "याला फॅमिली टूर म्हणतात."

३० ऑक्टोबर

नि.ने बाबांच्या घराची जादा किल्ली मागून घेतली. अधूनमधून येऊन झाडांना पाणी घालीन म्हणाला. नि.ने आयुष्यात झाडाला पाणी घातलेलं मला आठवत नाही. पण दिली.

दिवाळीचा उरलेला फराळ बॅगेत भरला. इराची परीक्षा आहे म्हणून ती घरीच. "आई, आजोबांना एन्जॉय करू दे हां," म्हणाली. जशी काही मी त्यांना करू देत नाही.

३१ ऑक्टोबर, विमानतळ

टूर उल्हासनगरच्या विकीची. पस्तिशीचा उत्साही माणूस, एका वाक्यात सिंधी, हिंदी, मराठी, इंग्रजी सगळं घालतो. निम्मी मंडळी बदलापूर-अंबरनाथची, निम्मी उल्हासनगरची. दोन्ही पार्ट्या आपापली बॅगांची भिंत करून समोरासमोर उभ्या. लग्नात मुलीकडचे आणि मुलाकडचे असतात तशा.

उल्हासनगरच्या बाजूला एक बाई एकट्याच. साठीच्या पुढच्या, कॉटनचा ड्रेस, पायात स्पोर्ट्स शूज. कमला मोटवानी. उल्हासनगरातच कॅम्प चारमध्ये पडद्यांच्या कापडाचं दुकान. त्यांची बॅग विकीला उचलवेना.

"आंटी, इतना क्या भरा है?"

"खाना. तेरे भरोसे थोड़ी ना जा रही हूँ."

बाबा हसले. (मला भास झाला असेल म्हणून शे.ला विचारलं. त्यानेही पाहिलं होतं.)

२ नोव्हेंबर, लिस्बन

काल संध्याकाळी पोचलो. आज सकाळी जे झालं ते लिहिताना अजून हसू येतंय आणि लाजही वाटतेय.

विमानतळावरून हॉटेलवर आणणारी बसच आमची नऊ दिवसांची बस. काल उतरताना आपल्या मंडळींनी गुपचूप पुढच्या सीटवर रुमाल टाकून ठेवले होते. सकाळी जागा आपली. दोन्ही पार्ट्यांनी टाकले होते, या बाबतीत काही मतभेद नव्हता. सकाळी बसमध्ये चढलो तर सगळ्या सीट स्वच्छ. एकही रुमाल नाही.

ड्रायव्हर जोर्ज, मोठ्या मिशांचा, अतिशय सभ्य. त्याला वाटलं, बिचाऱ्यांचं सामान विसरलं. त्याने सगळं गोळा करून रिसेप्शनवर जमा केलं. तिथल्या मुलीने एक मोठी पारदर्शक पिशवी काउंटरवर ठेवली. रुमाल, नॅपकिन, एक माकडटोपी, आमच्याकडच्या कुलकर्णीकाकांची मानेची उशी आणि बेसनलाडवांचा एक डबा. रुमाल बहुतेक पांढरे. ओळख पटवणार कशी? बदलापुरातल्या खरवईचे प्रधानकाका, बँकेतून निवृत्त, ते म्हणाले की प्रत्येकाने आपल्या रुमालाचं वर्णन आधी सांगावं. कुलकर्णीवहिनी म्हणाल्या, "चौकोनी."

मग पुढच्या जागांवरून भांडण. (भांडण नव्हे. मोठ्या आवाजात चर्चा.) बस अर्धा तास उभी. विकी केस धरून खाली बसला, आणि माझ्या नवऱ्याने, कुणी विचारलेलं नसताना, म्हटलं, "अहो, ही कॉलेजात दर वर्षी परीक्षेची बैठक व्यवस्था करते. कुणाची तक्रार येत नाही."

विकीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशा नजरेने लग्नाच्या मांडवातही कुणी पाहिलं नव्हतं.

हॉटेलच्या कागदावर बस आखली. वीस वर्षांची सवय हाताला. रोज प्रत्येकाने दोन रांगा मागे सरकायचं, शेवटच्यांनी पुढे यायचं. नवराबायको एकत्र. ("हरकत असल्यास आत्ताच सांगा," असं विकी म्हणाला तेव्हा कुलकर्णीकाकांनी हात वर केला. वहिनींनी तो खाली केला.) आणि एका तुकडीची दोन मुलं शेजारी बसवायची नाहीत हा नियम इतका अंगात मुरलाय की रांग उल्हासनगरची, त्यामागे बदलापूरची, अशी आखणी आपोआप झाली. कॉपी कोण कुणाची करणार होतं, देव जाणे.

एकटे तीन. बाबा, प्रधानकाका आणि कमलाबाई मोटवानी. दोघं एकत्र, तिसरा पुढे विकीशेजारी, रोज पाळी बदलून. पहिल्या दिवशी बाबा आणि कमलाबाई. यात माझा काही हेतू नव्हता. हे मुद्दाम लिहून ठेवते.

दिवसभर बुरूज, मठ, नदी, उतार. सोफिया नावाची गाइड पिवळी छत्री उंच धरून पळते आणि आम्ही मागे. पण मी काय पाहिलं असं कुणी विचारलं तर सांगेन, मागच्या रांगेतून येणारा बाबांचा आवाज ऐकला. भट्टी, तापमान, फोरमन असताना एकदा रात्रपाळीत काय झालं होतं. इतकं सलग बोलताना आईनंतर ऐकलं नव्हतं. मध्येच कमलाबाई: "साळवीसाहब, समझ में कुछ नहीं आ रहा, पर आप बोलो. अच्छा लग रहा है."

३ नोव्हेंबर, सिंत्रा

पाळीप्रमाणे आज बाबा पुढे विकीजवळ. कमलाबाई प्रधानकाकांजवळ.

राजवाड्याच्या स्वयंपाकघरावर दोन प्रचंड शंकूसारखी धुराडी. सगळे फोटो काढत होते आणि बाबा मान वर करून आत डोकावत होते, धूर ओढला कसा जात असेल म्हणून. हे कुणाला तरी सांगायचं होतं त्यांना. मी जवळ गेले तर म्हणाले, "काही नाही." कमलाबाई तिकडे दालनातले पडदे उलटून शिलाई बघत होत्या. रखवालदार धावत आला. "देख रही हूँ भाई, ले नहीं जा रही," त्यांनी त्याला हिंदीत समजावलं. मग मला: "बेटा, राजा का घर है और अस्तर देखो, कितना हलका!"

जेवताना त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुम्हारे प्रधानजी की अँजिओप्लास्टी मैंने सुबह से दो बार करा ली. कल किसकी बारी है?"

"बाबांची."

"बिचारा," त्या म्हणाल्या.

नि.चा फोन. "विचारलंस?" म्हटलं, अजून दोनच दिवस झालेत.

४ नोव्हेंबर, एवोरा

बाबा आणि प्रधानकाका शेजारी. इथे एक प्रार्थनाघर आहे, भिंती माणसांच्या हाडांनी आणि कवट्यांनी लिंपलेल्या. प्रधानकाका उत्साहाने कुठलं हाड कुठलं ते दाखवत होते. बाबा बाहेर येऊन पायरीवर बसले. जेवलेही नाहीत नीट. मी केलेले मेथीचे ठेपले पुढे केले. "नको, पोट भरलंय."

विचारायचं ठरवलं होतं आज. पण त्या कवट्यांच्या दारात, "आमच्याकडे कधी येताय?" हे काही बरं दिसलं नसतं.

५ नोव्हेंबर, ओबिदुश

तटबंदीच्या आतलं पांढरंशुभ्र छोटं गाव. आज परत बाबा आणि कमलाबाई. सकाळी बसमध्ये चढताना बाबांनी केस विंचरलेले होते. रोजच विंचरतात. आज पाणी लावून.

इथे चेरीची दारू चॉकलेटच्या इवल्या वाटीत देतात. कुलकर्णीवहिनींनी "खोकल्याला चांगलं" म्हणून एक घेतली, मग खोकला नीट जावा म्हणून आणखी दोन. नंतर त्यांनी तटावर उभं राहून भोंडल्याचं गाणं म्हटलं. उल्हासनगरच्या बायकांनी फेर धरला. सोफियाची छत्री खाली आली.

तटावर चालायला कठडा नाही. मी बाबांना खालूनच ओरडून सांगत होते, वर जाऊ नका. ते गेले. कमलाबाई मागून: "साहब, गिरना हो तो उस तरफ गिरो, इस तरफ कॅफे है." दुपारी त्यांनी डब्यातून कोकी काढली, कांदा घातलेली सिंधी जाड रोटी. ती किती दिवस टिकते याचं बाबांना फार कौतुक. दोन खाल्ल्या, लोणच्याबरोबर. माझ्या ठेपल्यांबद्दल मी काही बोलले नाही. लिहितेही नाही.

परवापर्यंत ते "मोटवानीबाई" म्हणत होते. आज "कमलाबाई".

संध्याकाळी उद्याची बैठक लिहायला घेतली. नियमाप्रमाणे बाबा परत विकीजवळ. पेन थांबलं. मग मी लिहिलं: प्रधानकाका कायम पुढे, कारण भोवळ. वळणावर गरगरतं असं ते एकदा म्हणाले होते हे खरं आहे. एकदाच म्हणाले होते हेही खरं आहे.

वीस वर्षांत मी नात्यातल्या माणसासाठी बैठक बदललेली नाही. इराची बारावी माझ्याच कॉलेजात होती तेव्हा तिला खिडकीच्या उन्हातला बाक आला होता आणि मी तो तसाच राहू दिला. ती अजून बोलून दाखवते. मग आज काय झालं? बाबा बोलते राहावेत म्हणून? की ते खुशीत असले म्हणजे मला "हो" म्हणतील म्हणून? दुसरं कारण असेल तर ते वाईट आहे. दोन्ही असतील तर निम्मं वाईट.

६ नोव्हेंबर, कोइंब्रा

सकाळी प्रधानकाका पुढच्या सीटवर राजासारखे. कुलकर्णीवहिनींनी मला बाजूला घेतलं. "सुजाता, मलाही भोवळ येते हं. मागे बसलं की जास्तच." दुपारपर्यंत निम्म्या बसला भोवळ येऊ लागली होती. दोन्ही पार्ट्यांमध्ये एवढी एकी आजवर दिसली नव्हती.

विद्यापीठातलं जुनं ग्रंथालय. सोनेरी कपाटं, छतापर्यंत पुस्तकं. सोफियाने सांगितलं, इथे वटवाघळं पाळलेली आहेत. ती पुस्तकांना लागणारे किडे खातात. त्यांची घाण पडू नये म्हणून संध्याकाळी टेबलांवर कातडं पसरतात.

"मतलब स्टाफ है," कमलाबाई म्हणाल्या. बाबा मोठ्याने हसले. रखवालदाराने ओठांवर बोट ठेवलं.

आणि मग बाहेरच्या चौकात त्यांचा फोन वाजला. समोरच्या पाटीलवहिनी, अंबरनाथहून. त्यांचा आवाज फोनशिवायही पोचला असता.

"अहो साळवी, तुमच्याकडे माणसं येऊन गेली. टेपने खोल्या मोजत होती. घर विकताय होय? सांगायचंत तरी, आमच्या भाच्याला हवं होतं!"

बाबांनी फोन खिशात ठेवला. "सुजा, माझ्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?"

"नितीनकडे. झाडांना पाणी घालायला."

"पाणी टेपने मोजून घालतात?"

 काळे झगे घातलेल्या विद्यार्थ्यांच्या घोळक्यात जाऊन उभे राहिले, तिकडे तोंड करून.

मला माहीत नव्हतं असं मी इथे लिहू शकते का? नि.ने मला सांगितलं नव्हतं, हे लिहू शकते. मी विचारलं नव्हतं, हेही लिहायला हवं. ३० तारखेचं पान उघडून पाहिलं. "पण दिली." त्या "पण"मध्ये मला सगळं माहीत होतं.

रात्रीच्या जेवणाला बाबा आले नाहीत. कमलाबाईंनी न विचारता एक डबा भरून वर पाठवला. रिकामा परत आला, हे शे.ने पाहून सांगितलं.

७ नोव्हेंबर, पोर्तु

सकाळी बसमध्ये सगळे आपापल्या जागी. बाबांची तिसरी रांग, कमलाबाईंशेजारी. बाबा चढले, तिसऱ्या रांगेवरून सरळ पुढे गेले आणि अगदी शेवटच्या सीटवर जाऊन बसले.

मी मागे गेले. हातात तो कागद होता. तो तरी खाली ठेवून जायचा.

"बाबा, तुमची जागा पुढे आहे."

"मी बदलली."

"पण असं न विचारता..."

"न विचारताच बदलतात ना आपल्याकडे?"

 जोर्जने आरशातून पाहिलं. त्याला भाषा कळत नसेल, पण एवढं कळलंच असणार.  मग कमलाबाई उठल्या, खाऊची पिशवी खांद्याला लावली आणि रांगांना धरत धरत मागे गेल्या. बाबांशेजारी बसल्या.

"पीछे झटके लगते हैं," त्या सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पर रोज़ रोज़ उठना नहीं पड़ता."

मी माझ्या जागेवर आले.  शे.ने खिडकीची जागा मला दिली. कागदावर ती त्याची होती.

दुपारी नदीवरचा लोखंडी पूल. दोन मजली, वरून ट्राम, खालून गाड्या. बाबा खालच्या मजल्यावर लोखंडाला हात लावून उभे. कमलाबाई शेजारी, मी थोडी मागे. बाबा त्यांना लोखंड जोडणारे रिव्हेट दाखवत होते. मग माझ्याकडे न बघता, पण आवाज चढवून म्हणाले, "हे लाल करून ठोकतात. गार झालं की आपोआप आवळतं. आधीच गार असताना कितीही ठोका, धरत नाही."

हे मला होतं की पुलाला? दिवसभर विचार करते आहे. रिव्हेटबद्दलच असेल. बाबा टोमणे मारत नाहीत. (सकाळचा सोडून. आणि टेपचा.)

संध्याकाळी नि.ला फोन.

"अगं, नुसतं व्हॅल्युएशन काढत होतो!"

"कशाचं?"

"फ्लॅटचं. बाबांचं नाही."

म्हटलं, ती माणसं परत यायला नकोत आणि किल्ली पाटीलवहिनींकडे दे. त्यावर तो म्हणाला, "तू वेळेवर विचारलं असतंस तर ही वेळच आली नसती." फोन ठेवल्यावर वाटलं, मी तर दोन वर्षं विचारते आहे. मग वाटलं, नक्की काय विचारते आहे?

८ नोव्हेंबर, ग्विमाराइंश

बैठकीचा कागद लिहिला नाही. सकाळी सांगून टाकलं, आजपासून कुणीही कुठेही बसा. प्रधानकाकांची भोवळ माझी होती, त्यांची नव्हती, हेही सांगितलं. सगळ्यांनी माफ केलं. प्रधानकाका मात्र म्हणाले, "नाही नाही, मला खरंच येते," आणि पुढचीच सीट धरून बसले. बाकी सगळे आपणहून कालच्याच जागांवर बसले. बाबा मागेच.

कॉफीच्या थांब्यावर जोर्ज उतरला. परत आला तेव्हा आम्ही पाहतो तर ड्रायव्हरच्या सीटवर पांढरा रुमाल. त्याचा त्यानेच टाकून ठेवला होता. दारात उभं राहून त्याने बोट दाखवलं, मिशीतल्या मिशीत हसला, रुमाल उचलला आणि बसला. सगळी बस टाळ्या वाजवत होती. आठ दिवसांत आम्ही या देशाला काहीतरी दिलं.

किल्ल्याजवळ बाकावर कमलाबाई बूट काढून बसल्या होत्या. मला बोलावलं. माझी तयारी होती बोलणी खायची.

"मेरा बेटा भी बोलता है, ठाणे आ जा मम्मी. एसी लगाया है, टीव्ही लगाया है. मी बोलली, दुकान का शटर कौन खोलेगा? तो बोलला, बेच दे. मतलब शटर बेच दूँ." हसल्या. मग पाय चोळत, मराठीतून, "अच्छा मुलगा आहे. तू पण अच्छी आहेस. रूमला कलर कोणता दिला?"

"क्रीम."

"त्यांना पसंद आहे?"

मी विचारलं नव्हतं.

शेवटी गेले बाबांकडे. तटाच्या सावलीत उभे होते. वरती भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की हा देश इथे जन्मला. सोफिया तेच सांगत होती. मी म्हटलं, "बाबा, किल्लीचं चुकलं. माझं पण." ते मान हलवत राहिले. मग मी विचारलं, "तुम्हाला कुठे राहायचंय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"बघतो," म्हणाले. "पहिल्यांदाच विचारलंस. थोडा वेळ लागेल."

११ नोव्हेंबर, बदलापूर

काल घरी पोचलो. विमानतळावर दोन्ही पार्ट्यांच्या बॅगा एकाच ढिगात. कुणाची कुठली ते कळेना, रुमालांसारखंच. कुलकर्णीवहिनींनी सगळ्यांकडून वचन घेतलं की पुढच्या वर्षी सगळ्यांनी वसईला जायचं, एका दिवसात परत. ही कल्पना बाबांची, हे कुणी लक्षात ठेवलेलं नाही.

बाबांना अंबरनाथला सोडलं. बॅग वर नेऊ का विचारलं. "नको," म्हणाले, "तू विचारलंस, बस झालं."

इराने आल्या आल्या विचारलं, "मग आजोबा येणार?" म्हटलं, माहीत नाही. "वॉव," ती म्हणाली. तिने मला असं काही न ठरवता आलेलं कधी पाहिलेलं नाही.

१३ नोव्हेंबर

कॉलेज सुटल्यावर अंबरनाथला गेले. पाटीलवहिनींकडून किल्ली घेतली, बाबांच्या हातात द्यायची म्हणून. दाराला कुलूप.

"सकाळीच गेले," पाटीलवहिनी म्हणाल्या. "हत्यारांची पेटी घेऊन. उल्हासनगरला. कुणाचं तरी दुकान आहे म्हणे." मग खालच्या आवाजात, पण माझ्याकडे बारीक नजरेने बघत, "पँटला इस्त्री होती."

फोन केला. मागून लोखंडाचा खडखडाट.

"बाबा, काय करताय?"

"शटर अडकतंय कमलाबाईंचं. वर्षानुवर्षं ग्रीस नाही याला. असं ठेवतात का कुणी?" पलीकडून कमलाबाईंचा आवाज, "साहब, ठेवत होती, तभी तो तुम आए!"

किल्ली पर्समध्ये घालून परत आले. परत देणार आहे. त्यांच्याच हातात. माझ्यासाठी दुसरी करायची ती त्यांनी सांगितलं तरच.

नि.ला सांगितलं. "म्हणजे काय चाललंय नक्की?" त्याने विचारलं.

"शटर दुरुस्ती," मी म्हटलं. यापेक्षा जास्त मला माहीत नाही, आणि जास्त माहीत असल्यासारखं बोलायचं नाही असं ठरवलंय. शे. म्हणतो, हे मला चार दिवस जमेल. आज पहिला.

१४ नोव्हेंबर

संध्याकाळी बाबांचा फोन. आपणहून.

"सुजा, रविवारी जेवायला येतो. कमला पण येते म्हणाली."

कमला. मी काही बोलले नाही. इथे मात्र लिहून ठेवते.

"या ना," म्हटलं. मग राहवलं नाही. "बाबा, राहायचं काही ठरवलंत का? घाई नाही. सहज."

 मागे पंख्याचा आवाज. घरचा की दुकानातला, ओळखता आलं नाही.

"हे बघ," म्हणाले, "बदलापूरहून उल्हासनगर दोन स्टेशनं. चिखलोलीचं नवं स्टेशन झालं की तीन. अंबरनाथहून एकच."

"म्हणजे?"

"म्हणजे रविवारी साडेबारापर्यंत येतो. खोलीचा क्रीम कलर बघायचाय तिला. म्हणते, पडदे कुठले लावायचे ते रंगावर आहे."

"कुणाच्या खोलीचे पडदे, बाबा?"

"ते बघू," म्हणाले आणि फोन ठेवला.

पडदे लावायचेत म्हणजे येणार आहेत? की येणार नाहीत म्हणून निदान पडदे? की कमलाबाईंना रिकामी खिडकी बघवत नाही, एवढंच? शे.ला तिन्ही शक्यता सांगितल्या. तो म्हणाला, "चौथी पण आहे," आणि हसला. मी त्याला ती बोलू दिली नाही.

इरा टेबलापाशी उभी होती. बोटाने मोजत. "आई, आपण तीन, आजोबा चार. खुर्च्या चारच आहेत."

कोण कुठे बसेल ते ठरवणार नाही. कागद घेतला होता हातात. ठेवला.

उद्या: पाचवी खुर्ची आणणे.